अकरा इंच पाणी

सैन्याच्या नर्सिंग सेवेत मला कमिशन मिळालं तेव्हा घरच्यांना वाटलं, मुलगी काश्मीरला जाणार. आईने दोन लोकरी स्वेटर विणायला घेतले. हॉस्पिटलमधली वर्षं संपून पहिलं फील्ड पोस्टिंग आलं ते कल्याणचं. आमचं घर ठाण्यात, नौपाड्यात. वडील कोर्टात नोकरीला. त्यांनी ऑर्डर दोनदा वाचली आणि विचारलं, "कल्याणला कसली लढाई?"

लढाई नव्हती. पण महायुद्धाच्या काळात कल्याणच्या आसपास मोठ्या छावण्या होत्या, हे जुन्या लोकांना आठवत असेल. छावण्या उठल्या. पन्नाशीचं दशक संपत आलं तेव्हा उल्हास नदीच्या बाजूच्या एका माळावर नांगराच्या फाळाला तोफेचा गोळा लागला. शोध घेतला तर खाली आणखी निघाले. ते कोणी आणि कधी पुरले, कोणालाच माहीत नव्हतं. माळ साफ करायला सॅपर्सची, म्हणजे स्फोटकं हाताळणाऱ्या सैनिकांची, एक तुकडी आली. त्यांच्यामागे, टेकाडाच्या आडोशाला, सुरक्षित अंतरावर आमची रक्ताची गाडी उभी राहिली. मी तेव्हा लेफ्टनंट होते.

ही गाडी म्हणजे चाकांवरचं घरच. युद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्य मागे ठेवून गेलेली. मुळात कोणा मोठ्या अधिकाऱ्याला राहण्यासाठी बनवलेली असावी. आत दोन बाकं, त्यांचे रात्री पलंग होत. एक मोरी, गॅसची शेगडी आणि गॅसवर चालणारा फ्रिज. बाकांच्या जागी आम्ही स्ट्रेचर बसवले आणि फ्रिजमध्ये रक्ताच्या बाटल्या ठेवल्या. माळावर वीज नव्हती. मुंबईत नुकताच सिलिंडरमधला गॅस मिळू लागला होता, त्यावर आमचं चालत होतं.

एका रविवारी आई-वडील गाडी बघायला आले. आईने तोवर फ्रिज पाहिला नव्हता. खालची ज्योत बघून ती म्हणाली, "आग लावून गार कसं होतं गं?" मी सांगितलं, की ज्योतीने नळीतला अमोनिया तापतो, फिरतो आणि फिरताना आतली उष्णता ओढून घेतो. तिला ते पटलं नाही. तिने आत हात घातला. मग गार पाणी मागितलं. मी नाही म्हटलं. रक्ताच्या शेजारी आम्ही दुसरं काही ठेवत नसू. वडिलांना ते फार आवडलं. परत जाताना ते दोनदा म्हणाले, "आईलासुद्धा नाही म्हणाली."

गाडीवर आम्ही तिघं. डॉक्टर कॅप्टन मॅथ्यू, केरळचे, कमी बोलणारे. ड्रायव्हर-मेकॅनिक नाईक दत्ताराम सावंत, मालवणकडचा, युद्धात इटलीत ट्रक चालवून आलेला. आणि मी. रक्त चार ते सहा अंशांत ठेवायचं ही जबाबदारी माझी. रोज सकाळी तपमान बघून मी फील्ड टेलिफोनवर 'रक्त रेडी' असं कळवायचं, त्यानंतरच सॅपर्सनी खणायला सुरुवात करायची. रक्त नाही तर काम नाही, अशी स्टँडिंग ऑर्डर होती.

पलीकडे फोन उचलायचे हवालदार शंकर जाधव. सातारा जिल्ह्यातले, चाळिशीचे, अंगाने किरकोळ. जमिनीतला गोळा सगळ्यात आधी तेच हाताने मोकळा करत. माझा 'रेडी' ऐकून रोज एकच उत्तर देत, "रामराम सिस्टर, लागतो कामाला."

फ्रिज सुरुवातीपासून हट्टी होता. गाडी जरा कलती उभी राहिली तरी त्याचं गार होणं थांबायचं. मग सावंत ताटलीत पाणी घेऊन ती जमिनीवर ठेवायचा आणि पाणी काठाला समान लागेपर्यंत चाकांखाली फळ्या सारायचा. एकदा बर्नरच्या बारीक भोकात कोळ्याचं जाळं निघालं. ज्योत पिवळी पडली होती, धुराड्यात काजळी धरली होती. सगळं उतरवून, घासून त्याने पुन्हा निळी ज्योत आणली. तोवर आम्हाला वाटत होतं की या फ्रिजच्या सगळ्या खोडी आता कळल्या.

एप्रिल महिना होता. त्या सकाळी मी फ्रिज उघडला तेव्हा पारा सातच्या वर होता. खाली वाकून पाहिलं तर ज्योत विझलेली. काडी लावली. पेटली, पिवळी होऊन थरथरली, पुन्हा गेली. कॅप्टन मॅथ्यू आदल्या दिवसापासून मलेरियाच्या तापाने तंबूत पडून होते. निर्णय माझा होता.

मी बाटल्या बर्फाच्या पेटीत हलवल्या. बर्फ आणि बाटल्या यांच्यामध्ये कापडाच्या घड्या घातल्या, कारण रक्त गोठलं तर वाया जातं. बर्फ दुपारपर्यंत पुरला असता, त्यापुढे नाही. कल्याणच्या बर्फाच्या कारखान्यातून आणखी आणायला एकुलती जीप पाठवली असती आणि खणणं थांबलेलं असूनही एखादा गोळा फुटला असता, तर जखमींना आणायला गाडी उरली नसती. मी फोन उचलला.

"हवालदारसाहेब, रक्त रेडी नाही. काम सुरू करू नका."

 ते म्हणाले, "सिस्टर, काल संध्याकाळी दोन गोळे उघडे पडलेत. ऊन चढलं की लोखंड तापतं. किती वेळ?"

"मी सांगेपर्यंत."

"ठीक. थांबतो."

नंतर कळलं की त्यांनी गोळ्यांवर ओली गोणपाटं घातली आणि त्यांच्यावर स्वतः पाणी शिंपडत बसले.

सावंतने बर्नर खोलला. स्वच्छ होता. त्याने शेगडी पेटवली. तीही मलूल जळत होती.

"दोष इथे नाय सिस्टर. दोन्हीकडे गॅस कमी येतोय. म्हणजे मागे, रेग्युलेटरमध्ये."

सिलिंडर गाडीच्या मागच्या कप्प्यात होता आणि त्यावर गाडीबरोबर आलेला जुना रेग्युलेटर. सिलिंडरमधला गॅस फार जोरात येतो. त्याचा जोर कमी करून एकसारखा ठेवणं हे रेग्युलेटरचं काम. तो जोर अकरा इंच पाण्याइतका, म्हणजे नळीत पाणी अकरा इंच उचलून धरेल इतका हवा, असं आतल्या पत्र्यावर कोरलेलं होतं. पण मोजायचं कसं? मीटर आमच्याकडे नव्हता.

रक्त चढवायच्या काचेच्या नळ्या आणि रबर माझ्याकडे होतं. दोन नळ्या खाली रबराने जोडल्या, फळीवर उभ्या बांधल्या आणि मध्ये फूटपट्टी ठोकली. पाण्यात जांभळं औषध टाकलं म्हणजे पातळी नीट दिसेल. सावंतने एक तोंड गॅसच्या नळीला जोडलं. एका नळीतलं पाणी खाली गेलं, दुसरीतलं चढलं. दोन्हींमधलं अंतर पाच इंचही भरेना. शेगडी पेटवली की आणखी घसरायचं.

सावंत मागे गेला आणि रेग्युलेटर हाताने चाचपू लागला. झाकणाच्या कडेला हवेसाठी एक बारीक भोक असतं. आतला पडदा त्यातूनच श्वास घेतो. कुंभारीण माशीने त्या भोकावर मातीचं घर बांधून ते पक्कं लिंपलं होतं. त्याने मला हाक मारली. पाठीच्या कण्यात टोचायची लांब सुई आणि तिच्यातली तार मी आणून दिली. त्याने माती कोरून काढली. पाणी आठवर चढलं आणि थांबलं.

"स्प्रिंग बसलीय. स्क्रू आवळतो. तुम्ही वाचा."

तो मागे, मी आत. मध्ये पत्रा.

"साडेआठ."

"साडेआठ."

"नऊ. दहा. सावकाश. साडेदहा. अकरा. बस."

"अकरा?"

"अकरा."

मी शेगडी पेटवली. पाणी जागचं हललं नाही. सावंतने सगळे जोड साबणाच्या पाण्याने तपासले, एकही बुडबुडा आला नाही. मग बर्नर पेटवला. ज्योत निळी, ताठ, न हलणारी. आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून तिच्याकडे बघत राहिलो.

असा फ्रिज तासाभरात गार होत नाही. पारा खाली यायला दुपार टळली. पाच अंश दिसल्यावर मी एकेक बाटली उजेडाला धरून पाहिली. खाली लाल पेशी, वर पिवळसर स्वच्छ पाणी. कुठेही लालसर झाक नाही. रक्त शाबूत होतं. बाटल्या आत ठेवल्या आणि फोन केला.

"रक्त रेडी."

"रामराम सिस्टर," जाधव म्हणाले, "लागतो कामाला."

पहिला गोळा निघाला. दुसऱ्याच्या वेळी त्यांनी हाताखालच्या दोन्ही सॅपर्सना वाळूच्या पोत्यांमागे पाठवलं आणि एकटे खड्ड्यात उतरले. नेहमीच तसं करत. ऊन कलत असताना स्फोट झाला.

जीप आली तेव्हा सावंतने दार उघडून स्ट्रेचर तयार ठेवले होते. कॅप्टन मॅथ्यू तंबूतून अनवाणी आले, अंगात ताप, हात मात्र स्थिर. पोती फाटून दोन्ही सॅपर जखमी झाले होते. एकाच्या मांडीतून रक्त वाहत होतं, दुसऱ्याच्या पोटात तुकडा होता. जाधवांची अवस्था बघताच कॅप्टननी माझ्याकडे पाहिलं. तरी आम्ही तिघांनाही रक्त लावलं. मी बाटल्या काढत होते, सावंत त्या कोमट पाण्यात धरत होता. एकही बाटली फेकावी लागली नाही.

जाधव थोडा वेळ शुद्धीवर होते. मी त्यांच्या हातातली सुई धरून होते. ते म्हणाले, "माझी पोरं?"

"दोघंही आहेत. बोलतायत."

"मग झालं."

 सूर्य मावळायच्या आत ते गेले. दोन्ही सॅपर त्या रात्री मुंबईला हॉस्पिटलमध्ये पोचले आणि वाचले. सर्जननी सांगितलं, की तिथे पोचण्याआधी मिळालेल्या रक्ताशिवाय दोघेही टिकले नसते. मी हे सावंतला सांगितलं तेव्हा त्याने रेग्युलेटरवर बांधायला मच्छरदाणीचा तुकडा मागितला.

सुट्टी मिळाल्यावर मी जाधवांच्या गावी गेले. घरासमोर त्यांची पत्नी भेटली. तिने एकच गोष्ट विचारली, "उन्हात पडून होते का हो?"

मी म्हटलं, "नाही. लगेच आणलं. सावलीत होते. त्यांच्या पोरांची विचारपूस केली आणि गेले."

तिने पदराने तोंड पुसलं. म्हणाली, "त्यांची पोरं म्हंजे ती तिकडची. मला ठावं हाय." मग आत जाऊन तिने माझ्यासाठी भाकरी टाकली. मी जेवले. निघताना ती बांधापर्यंत आली.

मी पुढे बरीच वर्षं नोकरी केली, मेजर होऊन निवृत्त झाले. सावंतने ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये दुरुस्तीचं वर्कशॉप टाकलं आणि शेवटपर्यंत चालवलं. मी वर्तकनगरला राहते. मध्यंतरी कल्याणला गेले होते तेव्हा मुद्दाम त्या बाजूला गेले. माळ राहिलेला नाही. चार-चार मजल्यांच्या इमारती आहेत, खाली शाळा आहे. मधल्या सुट्टीत मुलं मैदानभर पळत होती. त्यांच्या पायाखाली काही उरलेलं नाही. तुकडीने शेवटचा गोळा काढल्यावरच तंबू उठले होते.

तिथे राहणाऱ्यांना हे नाव माहीत असण्याचं कारण नाही. म्हणून पूर्ण लिहिते. हवालदार शंकर रामजी जाधव, सॅपर, जिल्हा सातारा. कल्याणच्या माळावर कामावर असताना पडले. हाताखालची दोन्ही माणसं जिवंत परत पाठवली.