पवित्र शास्त्राचा माझा अर्धा भाग

माझं अक्षर गिचमीड आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. भावंडांनो, हे कधी तुमच्या हाती पडलं तर सांभाळून घ्या.

दुष्काळात आम्ही दोघं नवराबायको पिंपरीला निघालो तेव्हा सोनईच्या स्टँडवर बाबांनी पिशवीतून पवित्र शास्त्र, आपलं बायबल, काढलं. घरात तेवढं एकच. शिवण उसवलेलीच होती. त्यांनी मध्ये बोटं घालून त्याचे दोन भाग केले. नवा करार मला दिला. जुना स्वतःकडे ठेवला, कारण त्यांचं वाचन अजून त्यातच चाललं होतं. मलाखी हे त्याचं शेवटचं पुस्तक. बाबा म्हणाले, "मलाखी संपला की येतो तुझ्याकडं, पुढचं वाचायला."

तुम्हाला आठवतं ना, बाबा रोज एक अध्याय क्रमानं वाचायचे, नुसत्या नावांच्या वंशावळीसुद्धा. आपण कंटाळलो की म्हणायचे, "भाकरीची कड टाकून देता का? मंग नावं का टाकायची?" आईला वाचता येत नाही. ती ऐकलेलं एकच वचन धरायची आणि दुसऱ्या दिवशी खुरपताना तेच घोळवायची.

पिंपरीत मालकांना कारखान्यात काम मिळालं. शेजारच्या मार्थामावशी डोळे मिटून पान उघडत आणि बोट पडेल ते वचन त्या दिवसाचं मानत. चर्चच्या पाळकबाई बायबल क्लासमध्ये एकेकीला विचारत, यातून तुम्हाला काय कळलं? माझी पाळी आली की मी पदर सारखा करत बसायची.

माझा अर्धा भाग मत्तयाच्या पुस्तकापासून, म्हणजे नावांपासूनच सुरू होतो. मावशी म्हणाल्या, "सोड गं ती. नावांनी कुणाचं पोट भरलंय?" पण मी सोडली नाहीत. त्या नावांत मध्येच लोकांना बाबेल देशात धरून नेल्याचं येतं आणि पुढं पुन्हा नावं चालू होतात, परमुलखात जन्मलेल्या लेकरांची. माझी सुमन इथं जन्मली तेव्हा ते मला कळलं. क्लासात मात्र सांगता आलं नाही.

गावाकडं पुन्हा पाऊस पडला, पेरण्या झाल्या. बाबा आले नाहीत. कणसं भरायच्या आतच ते गेले. माती झाल्यावर आईनं त्यांचा अर्धा भाग माझ्यापुढं ठेवला. खुणेला ज्वारीचं पातं होतं. मलाखीची थोडीच पानं उरली होती.

"त्यांनी तुझ्याकडं यायचं बोलून ठिवलं व्हतं," आई म्हणाली. "त्यांच्या बदली मी येते. एवढं सरलं की माघारी जाईन."

आता दोन्ही भाग फळीवर शेजारी असतात. घर कुठलं म्हणून कुणी विचारलं की अजून सोनईच तोंडात येतं. संध्याकाळी मी अडखळत वाचते. एक वचन झालं की आई हात वर करते, आज एवढंच पुरं.

काल शेवटचं वचन तेवढं उरलं. मी पातं उचललं, तर आईनं ते माझ्या हातातून घेऊन परत मागं ठेवलं.

"आज कालचंच वाच," म्हणाली.