आमचं होळीचं मैदान 'मोकळा भूखंड' कुणी केलं?

मंडळी, अजून डोकं गरम आहे, तरी लिहिते.

दुपारी बेलापूरच्या ऑफिसात असताना आमच्या गावाहून, तळवलीहून बाबांचा फोन आला. "होळीच्या मैदानात दोन मानसं टेप घेऊन माप काढतायत. मोबाईलवर दाखवतायत, मोकला भूखंड हाय. तुमच्याच साइटवरनं आलाय म्हनं."

आमची कंपनी नवी मुंबईतल्या जागांची माहिती वेबवर टाकते. प्रत्येक जागेला कोडमध्ये प्रकार द्यावा लागतो: शाळा, देऊळ, तलाव. वाचणाऱ्याला तो दिसत नाही, पण दुसऱ्या साइट्स तोच उचलून दाखवतात.

मैदानाचा प्रकार समीर सरांनी, म्हणजे माझ्या टीम लीडने ठरवला होता. विचारलं तर म्हणाले, "अगं, फोटोत काहीच बांधकाम नाही. मग काय लिहू?"

"तिथे होळी लागते सर. गावातल्या लग्नांची हळद तिथेच होते."

"ते काय रोज होतं?"

"देऊळ पण रात्री बंद असतं. म्हणून त्याला गोडाऊन लिहितो का आपण?"

एका जागेला दोन प्रकार देता येतात. मी त्यांच्यासमोरच दोन्ही टाकले: सार्वजनिक मैदान आणि उत्सवाची जागा.

पण ज्या साइट्सनी जुनी माहिती उचलली, त्यांच्याकडे अजून मोकळा भूखंडच दिसतोय. मेल केलेत, उत्तर नाही.

तुमच्या गावची अशी जागा नेटवर काय म्हणून नोंदलीय, कधी बघितलंय?

बाबा अजून मैदानात खुर्ची टाकून बसलेत. आईने जेवायला बोलावलं तर म्हणाले, "डबा हितंच पाठव. जागा मोकली दिसाला नको."