लोरेटाबाईंचा हात

आमच्या न्यू हॅम्पशायरच्या गावात मार्चच्या सभेत, जिथे गावकरीच हात वर करून कर ठरवतात, शाळेच्या कराचा विषय निघाला, की लोरेटा पिंकहॅम उठायच्या. "मला ना मूल ना बाळ. तुमच्या कार्ट्यांसाठी मी का भरू?" सगळे हसायचे. मग मताला कराच्या बाजूने पहिला हात त्यांचाच वर जायचा.

यंदा कुणी हसलं नाही. ज्याची तिन्ही पोरं याच शाळेत फुकट शिकली, तो विल्बर उठला. "बाईंचं बरोबर आहे. माझी शिकून गेली, आता मी तरी का भरू?" टाळ्या पडल्या.

"अरे, मी आपली दरवर्षी बोलते," बाई म्हणाल्या. "बोलायचं म्हणून."

कराचा ठराव मतांत पडला. शाळेला कुलूप लागणार होतं. सभा मीच चालवत होतो.

"लोरेटाबाई, हात खाली घ्या," मी म्हणालो. "मोजून झालं."