गाणी भरून मिळतील

घोडपदेवला माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. माणसं स्क्रीन बदलायला येतात आणि फोन उघडा पडलेला असेपर्यंत घरचं सगळं सांगून मोकळी होतात. पूर्वी मी मेमरी कार्डात गाणी भरून द्यायचो. आता सगळे अ‍ॅपवर ऐकतात, तरी गाण्यांच्या तक्रारी माझ्याकडेच येतात.

*

साळवी हिंदमाताला साडीच्या दुकानात सेल्समन. दहा वर्षं मी भरून दिलेलं एकच कार्ड ऐकत होता. मुलीने त्याला अ‍ॅप घालून दिलं. दोन दिवसांनी दुकानात हजर.

"अरे, माझ्या आवडत्या गाण्यात यांनी एक कडवं जास्तीचं घातलंय."

माझं डाउनलोड तेव्हा मध्येच तुटलं होतं, हे मी त्याला आजवर सांगितलेलं नाही.

*

परळच्या हॉलमध्ये एक लग्न होतं. नवरीच्या भावाने एंट्रीचं गाणं फुकटच्या अ‍ॅपवरून लावलं. नवरी निम्म्या वाटेत आली आणि स्पीकरवर सांधेदुखीच्या तेलाची जाहिरात सुरू झाली. बिचारी तशीच थांबली. सगळा हॉल शांतपणे जाहिरात ऐकत होता.

पुढच्या आठवड्यात नवरीची आत्या माझ्याकडे आली. तिला त्या तेलाचं नाव हवं होतं.

*

सावंत गणपतीला कोकणात गावी गेला. आरत्या सगळ्या अ‍ॅपवर. घर डोंगराच्या कुशीत, रेंज नाही. निरांजन पेटलं, टाळ हातात, आणि फोनवर नुसतं चक्र फिरतंय. सावंत फोन घेऊन अंगणात, मग कुंपणाच्या दगडी गडग्यावर चढला.

आतून त्याच्या आईने हाक मारली, "आरती फोनान कित्याक? तोंड खंय गेलां तुजां?"

परत आल्यावर त्याने मला सगळ्या आरत्या डाउनलोड करायला लावल्या. आईला सांगू नकोस म्हणाला.

*

कांबळेकाका आमच्याच चाळीतले. काकू जयंतीच्या कार्यक्रमात दरवर्षी भीमगीत म्हणायच्या. एका वर्षी शेजाऱ्याने ते शूट करून नेटवर टाकलं. काकू गेल्या त्याला आता वर्ष होईल.

काकांच्या फोनचा रोजचा डेटा दुपारीच संपायचा. फोन बिघडलाय म्हणून ते दाखवायला आले. पाहिलं तर दिवसभर तो एकच व्हिडिओ चाललेला. मी म्हटलं, काका, डाउनलोड करून देतो, मग नेट लागणारच नाही.

त्यांनी फोनवर हात ठेवला.

"नको रे. डाउनलोड केलं की खालचा आकडा वाढत नाही."

मी व्हिडिओखालचा व्ह्यूजचा आकडा पाहिला.

"ती रोज विचारायची," काका म्हणाले, "आज किती झाले?"

मी त्यांच्या फोनमध्ये दुकानाच्या वायफायचा पासवर्ड टाकला. त्यांनी स्टूल ओढलं आणि गाणं पहिल्यापासून लावलं.