रवंथाचा घास

लखनौ स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं आणि लू (उन्हाळ्यातला भाजणारा वारा) थेट तोंडावर आली. लेक मुग्धा न्यायला आली होती. ती इथे शेळ्यांच्या पोटातल्या जिवाणूंवर संशोधन करते. एवढं शिकून शेवटी लेंड्याच तपासतेस, असं मी तिला चिडवतो.

पहिल्याच संध्याकाळी अमीनाबादेत कुल्फीवर ताव मारला आणि दोन दिवस पोट धरून बसलो.

"हवापाणी बदललं ना बाबा, पोटातले जिवाणूपण परेशान होतात. दही खा," मुग्धा म्हणाली.

म्हणून दह्यासाठी तेलीबागेतल्या तिच्या दूधवाल्या चाचींकडे गेलो. चाची म्हशीशेजारी डोक्याला हात लावून बसल्या होत्या.

"तीन दिन से पागुर (रवंथ) नहीं कर रही, बिटिया. डॉक्टर साहब की दवा भी हो गई. दूध तो यही देती है, दूसरी गाभिन है."

मुग्धानं म्हशीच्या कुशीवर हात ठेवला. "उन्हाचा ताण बसलाय. असं झालं की पोटातले जिवाणू बिघडतात, चारा पचत नाही. लॅबमध्ये आम्ही निरोगी शेळीच्या पोटातला रस नळीनं आजारी शेळीला देतो. इथे कसं करू यार?"

मला एकदम आमचा गावाकडचा गोठा आठवला, आणि अण्णा, माझे वडील. बैल रवंथ करेनासा झाला की ते दुसऱ्या बैलाच्या तोंडातून रवंथाचा घास काढून त्याला भरवत. मी तेव्हा शाळेत विज्ञानाचा नवाकोरा मास्तर. चारचौघांत हसून म्हणालो होतो, "अण्णा, हा अडाणीपणा पुरे." त्यांनी हौदावर जाऊन हात धुतला. पुन्हा माझ्यासमोर त्यांनी कधी घास काढला नाही.

मी बाही वर सारली. गाभण म्हैस निवांत रवंथ करत होती. दोनदा तिनं मान झटकली, तिसऱ्यांदा घास हाती आला, कोमट आणि बुळबुळीत. तो आजारी म्हशीच्या जिभेमागे सारला. संध्याकाळपर्यंत असे चार-पाच घास भरवले.

"बाबा, ये किसने सिखाया?"

"तुझ्या आजोबांनी."

दुसऱ्या सकाळी चाची दह्याचं मडकं घेऊन दारात उभ्या. "चबाने लगी, भैया!" त्यांचे डोळे भरले होते. माझेही.

आठवड्यानं गावी परतलो. गोठा कधीच पाडलाय, हौद तेवढा उरलाय. पिशवी खाली ठेवून आधी तिथेच गेलो. ऐकायला आता अण्णा नाहीत, तरी मोठ्यानं म्हणालो, "अण्णा, चुकलो."