दार तिने उघडं का ठेवलं

सिनेमा संपून दिवे लागले की माझं मत तयार असतं, असं घरात म्हणायचे, आणि ते खरंही होतं. राहनाळच्या एका गोदामाच्या ऑफिसात मी बिलिंगचं काम करते, राहते जवळच्याच कोन गावात. नवा सिनेमा लागला की ऑफिसातले, शेजारचे, नात्यातले मला विचारतात, बघू का? मी सांगते, बघा किंवा नका बघू. मधलं काही सांगायची मला सवय नव्हती.

या वर्षी काय झालं कोण जाणे. एक युद्धाचा सिनेमा पाहिला. छातीत गोळी लागलेला माणूस एवढं लांब भाषण कसं करतो, असं मनात म्हणत होते, आणि शेजारी बघते तर आमचे हे रुमालाने डोळे पुसतायत. त्यांना मी लग्नानंतर एकदाच रडताना पाहिलं होतं, सासरे गेले तेव्हा. मग तो सिनेमा चांगला की वाईट? एक भुताचा पाहिला. त्यात भूत दिसलं तेव्हा मला हसू आलं, पण बाई रिकाम्या घरात कपडे वाळत घालते, नुसती घालते, त्या प्रसंगात माझे हात गार पडले. लोकांना मी सांगितलं, ठीक आहे. ठीक आहे हे काही मत नव्हे, हे मलाही कळत होतं.

पण खरा गोंधळ तिसऱ्या सिनेमाने केला.

त्या दिवसांत माझी नणंद आमच्याकडे होती. यांची धाकटी बहीण. वडप्याला दिलेली, हायवेला लागूनच घर, जावयांच्या गाड्या गोदामांचा माल वाहतात. दिवाळीला आली ती गेलीच नाही. आठवडा झाला, महिना झाला. सासूबाईंनी विचारलं, मारतो? नाही. पितो? नाही. बाहेर काही आहे? नाही.

"मग काय हाय?"

"बोलत नाही," ती म्हणाली.

"तुझा बापूस तरी कुठं बोलत व्हता?" सासूबाई म्हणाल्या आणि भाजी निवडायला बसल्या.

रात्री भांडी आवरताना ती मला नीट सांगू लागली. भांडण मोठं नव्हतंच. कशावरून झालं हेही तिला आठवत नव्हतं. त्यानंतर तो गप्प झाला तो झालाच. जेवायला वाढलं की जेवायचा. हवं ते स्वतः उठून घ्यायचा. फोनवर ड्रायव्हरांशी तासन्‌तास बोलायचा. "वहिनी, मला वाटायला लागलं की मी घरात आहे की नाही," ती म्हणाली. मला ते पटलं. मार दाखवता येतो, हे काय दाखवणार?

त्याच सुमाराला तो सिनेमा लागला. छोट्या गावातली एक बाई नवऱ्याचं घर सोडते आणि शेजारच्या गावात खोली घेऊन एकटी राहते, एवढीच गोष्ट. मी वाचलं होतं की चांगला आहे. मनात आलं, हिला दाखवावा. हिला बळ येईल. हे कुणाला सांगितलं नाही. नुसतं म्हटलं, रविवारी दुपारी चल, जरा बाहेर पडू.

आम्ही दोघी खाडीचा पूल ओलांडून रिक्षाने कल्याणला गेलो. थिएटर अर्धं रिकामं होतं. सिनेमाभर ती हलली नाही. मध्यंतरात समोसा आणला तो तिने हातात नुसता धरून ठेवला.

शेवट असा आहे. संध्याकाळ झालेली. ती बाई आपल्या खोलीत स्वयंपाक करते. उठून दाराची कडी काढते, दार सताड उघडं करते, परत येऊन बसते आणि जेवायला लागते. ताट एकच. बाहेरून कुणाच्या तरी सायकलची घंटी ऐकू येते. ती मान वर करत नाही. संपलं.

 सिनेमाच्या सुरुवातीला हीच बाई दुपारीसुद्धा दोन-दोन कड्या लावून बसायची. आता तिला कशाचीच भीती उरली नाही, असं मला वाटलं. बाहेर आल्यावर उसाच्या रसाच्या गाड्यावर थांबलो तेव्हा मी नणंदेला तेच सांगत होते. तिने ऐकून घेतलं. ग्लास रिकामा केला. मग म्हणाली, "मला तसं नाही वाटलं."

"मग?"

"ती वाट बघतेय. कुणी आलं तर दार वाजवायला लागू नये म्हणून उघडं ठेवलंय."

"अगं, ताट एकच होतं ना?"

"दुसरं मांडायला कितीसा वेळ लागतो?"

मी हसून विषय बदलला. पण त्याच आठवड्यात ऑफिसातून घरी आले तर तिची बॅग भरून ओट्यावर ठेवलेली. जावयांना तिने स्वतःच फोन केला होता. ते आले, चहा घेतला, बॅग उचलली. निघताना ती माझ्या पाया पडली. असं ती कधी करत नाही. मी तिच्या कानात विचारलं, "नक्की ना?" तिने मान हलवली. ती मान हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे मला त्या गडबडीत कळलं नाही.

सासूबाई खूश होत्या. "तुजे पिक्चर कवा कामाला आले न्हाय," म्हणाल्या, "पन या वक्ताला आला." यांनीही त्याला दुजोरा दिला.  ज्यासाठी नेलं त्याच्या बरोबर उलट झालं होतं आणि श्रेय मला मिळत होतं.

मला राहवेना. अर्धी सुट्टी टाकून मी तो सिनेमा एकटीने पुन्हा पाहिला. या वेळी ती बाई वाट बघतेय असंच वाटलं. सायकलची घंटी वाजते तेव्हा तिचा घास क्षणभर थांबतो, हे पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं नव्हतं. घरी येताना रिक्षात वाटलं, छे, घास तर आपलाही थांबतो, बाहेर काही वाजलं की. पुढे तो मोबाइलवर आला तेव्हा मी तो प्रसंग थांबवून थांबवून बघितला. जितका बघितला तितका तो निसटत गेला. शेवटी तर मला त्या बाईचा राग यायला लागला.

आमचे मॅनेजर उत्तर प्रदेशचे आहेत. सिनेमे तेही बघतात. हा त्यांनीही पाहिला होता, म्हणून जेवणाच्या सुट्टीत त्यांना त्या दाराचं विचारलं. त्यांनी डबा बंद केला, विचार केला आणि म्हणाले, "मॅडम, गर्मी थी. हवा के लिए खोला होगा."

चेष्टा करत होते असंही नाही. तिसरं उत्तर मिळालं आणि तेही अगदीच चुकीचं म्हणता येईना. खोलीला खिडकी नव्हती.

उन्हाळ्यात आम्ही दोघं वडप्याला गेलो, आंब्यांची पेटी घेऊन. हायवेवरून कंटेनर गेला की त्यांच्या खोलीतली भांडी हलकेच वाजतात. जावई बाहेरच्या खोलीत होते. आणि ते बोलत होते. किती बोलत होते. गाड्यांचं, टायरांचं, टोलचं. मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, तुम्ही हिला दाखवलेला तो पिक्चर आम्ही दोघांनी बघितला घरी. मला काही समजला नाही. ती बाई गेली कशाला पण? नवरा तर चांगला होता."

"तुम्हाला चांगला वाटला?"

"म्हणजे वाईट काय केलं त्याने?"

मी नणंदेकडे बघितलं. ती आंबे पाण्यात घालत होती. पातेलं उचलून ती आत गेली. मी तिच्या मागोमाग आत गेले.

"बोलतात की," मी हळूच म्हटलं.

"हो, बोलतात."

"मग झालं ना मनासारखं?"

"झालं," ती म्हणाली. मग एक आंबा पुसत म्हणाली, "आता मलाच काय बोलावं ते सुचत नाही, वहिनी. ते विचारतात, काय झालं, का गप्प आहेस. मी म्हणते, काही नाही. आणि खरंच काही नसतं."

"वाईट वाटतं का?"

"नाही गं. बरं वाटतं. म्हणजे शांत वाटतं." तिने आंब्याचा देठ काढला. "तुला काय वाटतं?"

मला काय वाटतं, हे इतकी वर्षं मला कुणी विचारलं की मी लगेच सांगायचे. तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. तो दमलेला नव्हता. आनंदी होता असंही म्हणवेना. मी सुरी मागितली आणि आंबे चिरायला घेतले.

परतताना यांनी गाडीत विचारलं, "कशी आहे ती?"

"मला नाही कळलं."

"तुला नाही कळलं?" हे म्हणाले आणि त्यांनी काच वर केली. "मला तर चांगली वाटली."

तेव्हापासून एक झालं आहे. महिन्या-दोन महिन्यांनी ती फोन करते आणि आम्ही दोघी सिनेमाला जातो. जावईच तिला कल्याणपर्यंत सोडतात आणि नंतर न्यायला येतात. तिची अट एकच, हाणामारीचा बघायचा. परवा असाच एक पाहिला. हिरो पन्नास माणसं उडवतो, काचा फुटतात, मग त्याची आई त्याच्या मांडीवर प्राण सोडते. सनई वाजायला लागली. पुढच्या रांगेतल्या बायका पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या आणि ही एकदम हसली. मोठ्याने. लोक वळून बघायला लागले.

"काय झालं?" मी विचारलं.

"अगं, ती आई श्वास घेतेय," ती तोंडावर हात धरून म्हणाली. "पोट बघ तिचं."

मी पडद्याकडे बघितलं. तोवर त्या आईवर फुलं टाकलेली होती. मला काही दिसलं नाही. नणंद मात्र बराच वेळ हसत राहिली, आणि मधेच एकदा तिने डोळे पुसले.