चांगल्या रस्त्यांवर चिडणारे काका

चांगल्या रस्त्याचा इतका राग येणारा माणूस अख्ख्या न्यू जर्सीत दुसरा सापडायचा नाही. आमच्या शेजारचे काका मूळचे नागपूरचे, चाळीस वर्षं पूल बांधून रिटायर झालेले. वर्षअखेर आली की ते बिथरायचे. टाउनशिपच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, बजेटमध्ये पैसे उरलेले असायचे, ते संपवले नाहीत तर पुढच्या वर्षी कमी मिळतील अशी खात्याखात्याला धास्ती असायची, आणि मग ते पैसे आमच्याच भागात यायचे, जिथे घरटी तीन गाड्या आणि दारोदारी जपानी मेपल. एका वर्षी चौकात विटांची नक्षी झाली, एका वर्षी खांबांना नवे कंदील, एका वर्षी बदकांच्या तळ्यात कारंजं. "बदकांनी अर्ज केला होता का?" असं काकांनी भर मीटिंगमध्ये खणखणीत नागपुरी इंग्रजीत विचारलं होतं.

मीटिंगमध्ये नागरिकांना बोलायला तीन मिनिटं मिळतात. काका ओव्हनचा टायमर लावून भाषण बसवायचे. काकू म्हणायच्या, "एवढ्यात माझा चहा होतो. आणि तो कोणीतरी पितं तरी!" काकांचं मागणं एकच होतं. हायवेवरच्या बसस्टॉपपासून आमच्या कॉलनीपर्यंत पाऊण मैल रस्त्याला फुटपाथ नाही, तो करा. आम्ही कोणी बसने येत नाही. येतात ते आमची घरं पुसणारे, आमची मुलं सांभाळणारे. एकदा आमच्या गुळगुळीत गल्लीचंच डांबर उखडायला मशीन आलं, तर काका लॉनवरची खुर्ची घेऊन मशीनपुढे बसले. "हा रस्ता अजून दहा वर्षं टिकतो, मी सांगतो ना! तिकडे जा!" मुकादमाने सगळं ऐकून घेतलं. "सर, माझ्या कागदावर हीच गल्ली आहे," तो म्हणाला, आणि त्याच्या दोन माणसांनी काकांना खुर्चीसकट उचलून अलगद लॉनवर ठेवलं. मी खिडकीतून व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला. खूप हसलो आम्ही.

त्याच वर्षी काकूंना अर्धांगवायू झाला. त्यांचं करायला ग्लोरिया नावाची बाई येऊ लागली, बसने, मग चालत. ती काकूंची वेणी घालायची, 'पाणी' आणि 'बास' हे शब्दही शिकली होती. जानेवारीत बर्फ काढणाऱ्या गाड्यांनी त्या रस्त्याच्या दोन्ही कडांना कमरेएवढे ढीग लावले. ग्लोरियाला डांबरावरून चालावं लागलं, आणि वळणावर मागून आलेल्या गाडीने तिला उडवलं. ती जागीच गेली. सायरन आम्ही सगळ्यांनी ऐकला, घड्याळाकडे फक्त काकांनी पाहिलं.

पुढच्या मीटिंगच्या दिवशी ते माझ्याकडे आले. "आज तू पण चल. एकट्याचं कोणी ऐकत नाही बे."

"काका, ऑफिसचा कॉल आहे," मी म्हणालो. कॉल नव्हता.

त्यांनीच मग सांगितलं, की ग्लोरियासाठी काउन्सिल उभं राहिलं, सगळ्यांनी मान खाली घातली, फुटपाथचा अभ्यास करायचं ठरलं, आणि लगेच पुढच्या विषयात तळ्याकाठच्या बाकांना मंजुरी मिळाली. काका पुन्हा मीटिंगला गेले नाहीत.

त्याऐवजी ते रोज सकाळी बसच्या वेळेला गाडी काढू लागले. काकूंना एकटं ठेवता येत नसे, म्हणून वीस मिनिटं खटपट करून त्यांना पुढच्या सीटवर बसवायचं, शाल गुंडाळायची, पट्टा लावायचा. मग बसमधून जो उतरेल त्याला, "बसा, सोडतो." पहिल्यांदा बायका घाबरल्या. पण पुढे बसलेल्या काकू अर्ध्या तोंडाने हसायच्या, ते पाहून बसायच्या. "हे मला आधी का नाही सुचलं रे?" काका मला विचारायचे.

या डिसेंबरात काकांचा मुलगा दोघांना टेक्ससमधल्या प्लेनोला घेऊन गेला. नंतरच्या सोमवारी मी कामावर निघालो होतो. बर्फ पडत होता. बसस्टॉपवर एक बाई रस्त्याकडे बघत उभी होती. मी पुढे गेलो, सिग्नलला वळलो आणि परत आलो. काच खाली केली.

"अंकल आजारी आहेत का?" तिने विचारलं.

"नाही. मुलाकडे गेले, टेक्ससला."

"मग बरं," ती म्हणाली. "तिकडे ऊन असेल."

तिने मागचं दार उघडलं, बूट एकमेकांवर आपटून बर्फ झाडला, आणि मगच पाय आत घेतले.